भुताला साडी कोणती?

फ्यूज उडाला तेव्हा माझ्या भूत बंगल्यात अकरा माणसं अंधारात होती आणि बाहेर तिकीट खिडकीजवळ नगरपालिकेचे सी.एम.ओ., म्हणजे मुख्याधिकारी साहेब उभे होते. आतून एक किंकाळी आली, मग हसणं, मग बाईमाणसाचा आवाज, "पोट्टी कुठी गेली?"

मी मेळ्यात फिटर होतो. आकाशपाळणा, मेरी-गो-राउंड, जे जे फिरतं त्याला ग्रीस लावायचं, बेल्ट ताणायचे, वायरिंग बघायचं. राहणारा पांढुर्ण्याचा. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा मेळा सौंसरला लागला होता आणि भूत बंगला ही माझ्या डोक्यातून निघालेली पहिली मशीन होती. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनला ग्रीस लावलं की स्वतःच्या मशीनचं काय कौतुक असतं, ते विचारू नका. मी रोज सकाळी तिला फडक्यानं पुसायचो.

मेळ्याचे मालक सेठजी छिंदवाड्याचे. त्यांना हे पटलेलं नव्हतं. "मेला फॅमिली का है भाई. बाल-बच्चे आते हैं. भूत का क्या काम?"

"सेठजी, आपल्याकडं मौत का कुआँ चालते, अन् भूत नाई चालत?"

सेठजी कसेबसे तयार झाले, पण सी.एम.ओ. साहेब सहज तयार होणारे नव्हते. परवानगीच्या अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "कुव्यात गाडी चालवणारा दुसरा असतो. इथं आपलं लेकरू अंधारात जाते. तीन दिवस पाहतो. एक तक्रार आली, तर उचला तुमचं भूत." सेठजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उचलावं लागलं, तर सगळं लाकूड मेसच्या चुलीत जाईल आणि मी परत ग्रीसच्या डब्यावर.

बंगला म्हणजे संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या, वर काळी ताडपत्री आणि आत नागमोडी वाट. मे महिन्यात आत इतका उकाडा की भूतही घामाघूम व्हावं. वाटेवर एका ठिकाणी फळीखाली स्विच. पाय पडला की शिवणमशीनची जुनी मोटर सुरू व्हायची आणि तारेवरून भूत सरसर पुढं यायचं. शेवटाला लिमिट स्विच. म्हणजे असं बटन, जे मशीन स्वतःच जाऊन दाबते आणि स्वतःच थांबते. भूत तिथं टेकलं की मोटर बंद. मग मागून मी दोरीनं त्याला जागेवर ओढायचो. भुताचं डोकं प्लास्टरचं, केस तागाचे, वर निळा बल्ब, आणि अंगावर पांढरी शुभ्र साडी. भुताला दुसरं काय नेसवणार? मला तरी दुसरं काही सुचलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. लोक ओरडत आत, हसत बाहेर. तिसरा दिवस बुद्ध पौर्णिमेचा. विहारातला कार्यक्रम आटोपून लोक थेट मेळ्यात आले. सौंसरचे, बोरगावचे, आसपासच्या खेड्यांतले. मैदान माणसांनी फुललेलं, आणि माझ्या बंगल्यासमोर रांग! मी हवेत होतो. साहेब आले तेव्हा मनात म्हटलं, या, बघा.

आणि फ्यूज उडाला.

टॉर्च घेऊन मी आत घुसलो. वळणावर पाहतो तर चार-पाच वर्षांची एक पोरगी भुताची साडी दोन्ही हातांनी धरून उभी. भूत अर्ध्यातच अडकलेलं. मामला लगेच कळला. पोरीनं साडी ओढून धरली, भूत लिमिट स्विचपर्यंत पोचलंच नाही, मोटर जोर लावत राहिली आणि फ्यूज गेला. बल्ब त्याच फ्यूजवर, म्हणून सगळा अंधार. ही चूक माझी, शिकाऊ पोरानंही करू नये अशी.

पोरगी रडत नव्हती. चिडली होती. मला म्हणाली, "हे आजी बोलून नाई राहिली."

मी खाली वाकलो. तेवढ्यात माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडला. वळून टॉर्च मारला, तर समोर पांढरी शुभ्र साडी, मोकळे सुटलेले पांढरे केस! मी जो ओरडलो, तो म्हणे पार आकाशपाळण्यापर्यंत ऐकू गेला.

"भेऊ नका भाऊ," साडी म्हणाली. "मी जिती आहो."

त्या गजभिये बाई. सौंसरच्या शाळेत मास्तरीण, पोरीची खरी आजी. अंधारात फळीच्या खिळ्यात अडकून त्यांचा अंबाडा सुटला होता. मी अकराही माणसं बाहेर काढली. साहेबांनी मोजली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उचला."

सेठजींनी मान हलवली. खरं सांगतो, रडू यायचं बाकी होतं.

"थांबा साहेब," बाई अंबाडा बांधत म्हणाल्या. "तक्रार माही आहे. मले बोलू द्या." मग माझ्याकडं वळल्या. "कुठचे तुमी?"

"पांढुर्ण्याचा."

"मंग तुमाले माहीत नाई? आमी सणाले पांढरी साडी नेसतो. सकाळपासून विहारात समद्या बाया पांढऱ्या साडीतच होत्या. ह्या पोरीले पांढरी साडी दिसली, का ते मांडीवर जाऊन बसते. अन् तुमी तेच भुताले नेसवली?"

मी मान खाली घातली. दर वर्षी माझ्या घरासमोरून त्या पांढऱ्या साड्यांची मिरवणूक जायची. बारा वर्षं वायर आणि बेल्ट बघणाऱ्या माणसाला ती कधी दिसलीच नव्हती. लाज वाटली.

"दुसरं," बाई म्हणाल्या, "मी शाळेत घसा फोडून सांगतो का भूत नसते. अन् तुमी तिकीट लावून दाखवून राहिले."

"म्हणूनच तर बंद करून राहिलो," साहेब म्हणाले.

"बंद काऊन? पोट्ट्यायले भेवाले आवडते. खरं सांगू का, मलेही मजा आली. फक्त शेवटी खरं काय ते दाखवा ना!"

आणि तेवढ्यात पोरीनं माझा शर्ट ओढला. "तुमची आजी कायनं चालते?"

मी तिला मागं नेलं, मोटर दाखवली, हातानं पुली फिरवून भूत पुढंमागं केलं. पाच मिनिटांत मागं तीस पोरं गोळा! प्रत्येकाला पुली फिरवायची होती. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी धावतच साहेबांकडं गेलो. "साहेब, उद्या संध्याकाळपर्यंत द्या." त्यांनी पोरांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि "उद्या" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जेवलो नाही. साडी काढली आणि कापसाच्या जिनिंगमधला पोत्यांचा फाटका बारदाना भुताच्या अंगावर चढवला. बारदाना कोणीच सणाला घालत नाही, हे यावेळी चार जणांना विचारून घेतलं. दिव्यांची लाइन मोटरपासून वेगळी केली. शेवटी एक खोली वाढवली, लख्ख उजेडाची. तिथं जाळी बसवलेली मोटर, पुली आणि एक हँडल. भूत बघून आलेल्यानं हँडल फिरवायचं आणि मागून येणाऱ्याला घाबरवायचं. पाटीवर 'भूत बंगला' याच्याखाली बाईंनी स्वतः खडूनं लिहिलं, 'भूत नसते, कसे बनवतात ते पाहा.'

साहेब आले. एकटेच आत गेले. हँडलवर कोण, तर कालचीच पोरगी. आतून साहेबांचा जो आवाज आला, तसा नगरपालिकेत कोणी कधी ऐकला नव्हता. मग बराच वेळ ते बाहेरच येईनात. जाऊन पाहिलं, तर साहेब हँडल सोडायला तयार नव्हते आणि पोरगी भांडत होती, "आता माहा नंबर आहे!"

बाहेर येऊन त्यांनी घाम पुसला, अर्ज मागवला आणि मेळा संपेपर्यंतच्या परवानगीखाली शेरा लिहिला: 'मुलांना हरकत नाही. मोठ्या माणसांनी सोबत मूल घेऊनच आत जावे.'

पुढे मी बरेच भूत बंगले उभे केले. नव्या गावात गेलो की भुताचे कपडे शिवण्याआधी एक दिवस नुसता बाजारात बसतो आणि कोण काय नेसतं ते बघतो.