उघड्या फाईलची चिठ्ठी

मंडळी, आज दाखला आणायला भोरच्या एका कचेरीत गेलो होतो. तिथं जे पाहिलं त्याची अजून किळस येतेय.

हिर्डोशीच्या एक आजी वारसनोंदीसाठी आल्या होत्या. कारकून म्हणाला, “तुमची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी आहे. बंद होईस्तोवर मला काही करता येत नाही.”

“कुनी उघडलीया?” आजींनी विचारलं.

“ते कसं कळणार?” म्हणत तो डबा खायला गेला. शेवटी एसटी चुकेल म्हणून आजी तशाच परतल्या.

सत्तरच्या दशकात मी अशाच कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचो. फाईल काढली की तिच्या जागी नेणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी ठेवावीच लागे. चिठ्ठी बघून मी साहेबांच्या टेबलावरूनही फाईल उचलून आणलीय.

घरी सुनेला विचारलं. ती पोर्तुगालच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. म्हणाली, “बाबा, उघड्या फाईलला कॉम्प्युटर एक नंबर देतो. इंग्रजीत त्याला डिस्क्रिप्टर किंवा हँडल म्हणतात, पोर्तुगीजमध्ये देस्क्रितोर. कुणी उघडलीय याचीही नोंद सापडते.”

म्हणजे चिठ्ठी होती! बघायला कुणी उठलं नाही, एवढंच. थू!

आजी उद्या पुन्हा येणार आहेत. तुमच्या ऑफिसात फाईल उघडी टाकून कुणी घरी गेलंय का? आत्ताच फोन करा त्याला.