दहा वाजून बारा मिनिटांचा टिप्पर

सत्यभामा मनवर मनोऱ्याच्या राखणीला लागली त्याला सहा महिने होत आले होते, तेव्हा यंत्राच्या खोलीतला दिवा पहिल्यांदा तांबडा झाला. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तिने नोंदवहीत वेळ लिहिली. ती लिहून होईतो दिवा परत हिरवा झाला होता. वीज हलली असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही.

बोरी अरबच्या बाहेर, दारव्हा रस्त्याला लागून माळ आहे, तिथे हा मनोरा. गावात त्याला टावर म्हणतात आणि सत्यभामाला टावरवाली. वय बावन्न. नवरा श्रावण रस्त्याच्या गँगवर होता. तो गेल्यावर तिने अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवली, आणि त्याच शाळेतल्या एका बाईंकडून अभ्यास समजून घेऊन अडतिसाव्या वर्षी दहावी पास झाली. मनोऱ्यावर लिहितावाचता येणारा माणूस हवा होता. अर्ज करणाऱ्यांत ती एकटीच बाई. मुलाखतीत विचारलं, "दिवसभर एकटं बसावं लागेल, जमेल का?" ती म्हणाली, "दोनशे लेकरायचा गलका ऐकला जी अकरा वर्षं. आता एकटी बसली तर बरंच वाटीन."

मनोरा कशासाठी, हे तिला आधी कळलं नव्हतं. मग तिने कायद्याची मराठी पुस्तिका वाचली. प्रत्येक राखणदाराला ती देत, आणि दुपारी वेळ जाता जात नसे. फवारणीचा ड्रोन, रुग्णवाहिका, जमिनीची मोजणी करणारे, सगळेच आता आपली जागा उपग्रहाला विचारून घेतात. उपग्रह मात्र फार लांब. त्याचा संदेश इथवर येतो तो अगदी क्षीण, कोणीही दाबू शकेल असा. म्हणून सरकारने कायदा केला होता की जमिनीवर जागोजागी त्याला आधार देणारी केंद्रं असावीत. केंद्राने उपग्रहाचं ऐकावं, चूक दुरुस्त करून आसपास पुरवावी, आणि उपग्रह गप्प झालाच तर स्वतः बोलावं. हे शेवटचं काम करणारं यंत्र बोरीच्या मनोऱ्यावर अजून बसायचं होतं. शिवाय संदेश मुद्दाम अडवणारं उपकरण कोणी बाळगलं तर तीन वर्षांपर्यंत कैद.

चौथ्या दिवशी तिने यवतमाळला इंजिनिअर रजतला फोन केला. तो मोटारसायकलवर आला, तारा तपासल्या, वही चाळली.

"ताई, मशीन ठीक आहे. रस्त्यावरून कोणीतरी संदेश अडवणारा डब्बा घेऊन जातंय. आगपेटीएवढा असतो, गाडीत सिगारेट पेटवायच्या जागी लावतात. त्या वेळेला कोणत्या गाड्या जातात, पाहाल का?"

"पाहतो ना. काम काय हाये मले दुसरं?" वऱ्हाडी बाया बोलतात तशी ती स्वतःला कधी पाहतो म्हणे, कधी पाहते.

"दिसली की नंबर लिहा. वहीत रकाना आहे त्यासाठी."

त्याच आठवड्यात रस्त्याकडेच्या भुरीबाईच्या शेतात फुलावर आलेल्या तुरीवर ड्रोनने फवारणी चालली होती. सव्वादहाच्या सुमारास ड्रोन एकाएकी भान हरपल्यासारखा वाकडा गेला आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आदळला. पलीकडच्या पराटीत सहा बाया कापूस वेचत होत्या. वीस पावलांचं अंतर. कोणाला लागलं नाही, पण एक गरोदर बाई तिथेच मटकन खाली बसली. आवाज ऐकून सत्यभामा धावत गेली, तिला पाणी पाजलं. परत आल्यावर वहीत पाहिलं. घाईत जाण्याआधी तिने वेळ लिहिली होती: दहा वाजून तेरा.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी खुर्ची टाकून बसली. दिवा दिसेल असं खोलीचं दार उघडं ठेवलं. यष्टी गेली, दुधाची गाडी गेली. मग वळणावरून खडी-गिट्टी भरलेला टिप्पर आला आणि दिवा तांबडा झाला. ड्रायव्हरने तिला पाहून हॉर्न वाजवला, हात हलवला. टिप्पर नाल्यापलीकडे गेला आणि दिवा हिरवा झाला.

ड्रायव्हर संघदीप होता, तिच्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर वारला. संघदीप सातवीपर्यंत तिच्याच घरी वाढलेला.

तिने वेळ लिहिली. नंबर तिला पाठ होता. पेन रकान्यावर टेकवलं आणि उचललं. रकाना कोरा राहिला. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही.

सुट्टीच्या दिवशी ती दारव्ह्याला त्याच्या घरी गेली. त्याची आई, म्हणजे सत्यभामाची वहिनी, दीड वर्षापासून अर्धांगवायूने अंथरुणाला होती. सत्यभामा महिन्यातून एकदा फळं घेऊन जाई आणि सून प्रियंका घरी आहे म्हणून निश्चिंत परत येई.

"प्रियंका कुठी हाये?" तिने विचारलं.

"दिग्रसले कापसाच्या जिनिंगात कामाले जाते. दिवाळीपासून," संघदीप म्हणाला.

"मंग दिवसा वहिनीपाशी कोण असते?"

त्याने आईचं पांघरूण सारखं केलं. सत्यभामा खाटेच्या कडेला बसली. "संघा, तुह्या गाडीत डब्बा हाये. टावरवर कळते मले."

त्याने आईकडे पाहिलं, मग दार लोटून घेतलं. "साडेदहाले मी इथं थांबतो, आत्या. पंधरा मिन्टं. तिले कुशीवर करतो, चारतो, लुगडं बदलतो. हाफिसात कंपुटरवर दिसते ना गाडी उभी हाये म्हणून. लगेच फोन. तीन डाव सापडलो तर घरी बसवतो म्हणे मालक. एका ड्रायव्हरनं हे देल्लं. बोरीपासून लावतो, निघताना काढतो. त्याईले वाटते रेंज गेली."

"अन् त्यानं बाकीच्यायचं काय होते, ठाव हाये?"

"फक्त माही गाडी दिसत नाई. दुसऱ्याले काय होते?"

तिने ड्रोनचं सांगितलं. वेचणाऱ्या बायांचं, खाली बसलेल्या गरोदर बाईचं. तो भिंतीला टेकला.

"मले माहीत नोतं," तो म्हणाला. "आईशप्पथ नोतं माहीत."

"वहीत गाडीच्या नंबराचा रकाना असते. मी आठ दिस तो कोरा ठेवतो म्हटलं तर ठेवता येईन. पण मी ठेवणार नाई."

सत्यभामाने पुस्तिका पिशवीतून आणली होती. त्यातलं एक कलम तिने त्याला हळूहळू वाचून दाखवलं. कायदा लागू झाल्यापासून दोनशे दिवसांच्या आत जो स्वतःहून उपकरण जमा करील, त्याच्यावर गुन्हा दाखल होणार नाही. तिने दिवस मोजले होते. नऊ उरले होते.

"मालकाले कळीन," तो म्हणाला. "नोकरी जाईन."

"जाऊ शकते. मी खोटं नाई सांगत."

"अन् नाई देल्लं तर?"

"तर शुक्रवारी मी नंबर लिहीन. तुले सांगून लिहीन."

तो चिडला. "तू माही आत्या होय का सरकारची?" असं म्हणाला आणि बाहेर निघून गेला. सत्यभामाने वहिनीला कुशीवर केलं, भरवलं, केस विंचरले. वहिनीला बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. तिने चांगल्या हाताने सत्यभामाचं मनगट धरून ठेवलं.

गुरुवारी संघदीप फाटकाशी येऊन उभा राहिला. "चाल," एवढंच म्हणाला. दोघं तहसीलमध्ये गेले. अर्जात कारण लिहायचं होतं. तो लिहीना, तेव्हा सत्यभामा म्हणाली, "जे हाये तेच लिही." नायब तहसीलदार बाईंनी अर्ज दोनदा वाचला, डब्बा लिफाफ्यात घालून सील केला आणि पावती दिली. "आई कशी आहे आता?" त्यांनी विचारलं. संघदीपने पावती घडी करून खिशात घातली.

त्याच संध्याकाळी सत्यभामाने रजतला फोन करून सांगितलं, की गाडी ओळखूनही तिने नंबर लिहिला नव्हता. "ताई, नसतं सांगितलं तर कोणाला कळलं नसतं," रजत म्हणाला.

"मले ठाव होतं ना."

तिला लेखी ताकीद मिळाली. संघदीपवर गुन्हा झाला नाही, पण मालकाने त्याला टिप्परवरून उतरवलं. दीड महिना तो काम शोधत दिवसभर फिरत होता आणि त्या दीड महिन्यात आत्याशी एक शब्द बोलला नाही. वहिनीला सत्यभामाने बोरीला आणलं, तेव्हाही त्याने फक्त चाकाची खुर्ची ऑटोत चढवून दिली. मनोऱ्याच्या कुंपणाच्या आत परका माणूस चालत नाही, असं कायद्यात आहे. बाहेर कडुलिंबाखाली बाज टाकायला मनाई नाही, हे तिने रजतला विचारून घेतलं. तिचं घर तिथून दोनशे पावलांवर. सकाळी ती वहिनीला खुर्चीतून घेऊन येई आणि फाटकाच्या अलीकडे स्वतः, पलीकडे वहिनी, अशा दोघी दिवस काढत.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस अकराच्या सुमारास संघदीप आला. दारव्ह्यात एका शाळेची बस त्याला मिळाली होती. सकाळची खेप झाली की दुपारपर्यंत मोकळा. तो आईच्या बाजेवर बसला. समोर सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. न विचारता तो सोलू लागला.

"बसमधीही तो जागा सांगणारा डब्बा हाये, आत्या," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"मंग?"

"पोरायले उतरवाले थांबावंच लागते. थांबलो म्हणून कोणी फोन नाई करत."

सत्यभामाने कुंपणावरून हात घालून मूठभर शेंगा घेतल्या. वहिनी एका हाताने सोलायला पाहत होती. शेंग निसटली, तशी संघदीपने ती तिच्या बोटांत नीट धरून दिली.

"जेवून जाजो," सत्यभामा म्हणाली. "सोल्याची भाजी करतो."