पेचकस कानाला लावणारा

चौसाळ्यातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर रोज दुपारी ठरल्या वेळी बंद पडायचा. बीडहून आलेल्या मेकॅनिकनं नवी रॅम घातली, तिचं व्होल्टेज तपासलं. मग पेचकसाचं टोक कॅबिनेटला अन् मूठ कानाला लावून तो डोळे मिटून बसला. स्क्रीन काळी झाली.

"रॅमचा दोष न्हाई. शिवारातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं."

"गाव तर ऊसतोडीला गेलंय. मोटरी कोण लावतंय?"

"ऑटो स्विच हायेत. शेतीची लाईट आली की आपोआप लागत्यात." त्यानं डोळे उघडले नाहीत. "तुमच्या रानातली मोटर कोण बंद करतं?"

दिवाळीत वडील वारल्यापासून मी रानात फिरकलो नव्हतो. त्या दुपारी गेलो. वाफ्यांची दारं धरून पाणी वळवायला कुणीच नव्हतं, तरी वडिलांनी पाडलेला एकेक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळत होतं.