तिकिटाला हळदकुंकू

माझी मुलगी इंग्लंडात रेल्वेच्या तिकिटांचं काम करते, असं आईनं नाशिकमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यात चुकीची फक्त रेल्वे होती. ती मी सांगितली नव्हती, पण दुरुस्तही केली नव्हती.

ही दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. लंडनजवळ स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचे, आणि ती कंपनी कॅसिनोत लागणारी जुगाराची मशीनं बनवायची. तोवर कोणी जिंकलं की मशीन खाली नाणी ओकायचं. लोक ती प्लास्टिकच्या डब्यात गोळा करायचे आणि काळी झालेली बोटं पुशीत खिडकीवर रांग लावायचे. आता नाण्यांऐवजी बारकोडचं तिकीट निघणार होतं. ते दुसऱ्या मशीनमध्ये सरकवा, नाहीतर खिडकीवर देऊन पैसे घ्या. तिकीट छापायचा प्रोग्रॅम माझा होता आणि मला त्याचा भारी तोरा होता.

आईला मात्र फोनवर मी एवढंच म्हणाले होते, "तिकिटं छापायच्या मशीनचं काम आहे." माझ्या मामानं रमीपायी आजीच्या पाटल्या घालवल्या होत्या. तेव्हापासून आईनं आम्हाला पत्त्यांचा बंगलासुद्धा कधी बांधू दिला नाही. तिला खरं कळलं असतं तर ती ओरडली नसती. चारचौघांत माझ्याबद्दल बोलायचं तिनं बंद केलं असतं, आणि मला तेवढंच नको होतं. माझं कौतुक करताना तिचा आवाज चढायचा, तो मला फार आवडायचा.

दिवाळीला ती माझ्याकडे आली. हीथ्रो विमानतळावरून घरी येताना मी रेल्वेच्या तिकिटाचे पैसे मोजले, तर म्हणाली, "स्टाफला फुकट नसतं का गं?"

"कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नाही देत," मी म्हणाले. एकदा सुरुवात झाली की थापा आपोआप सुचतात.

लक्ष्मीपूजनाला मी हाफ डे घेतला. पाटावर लक्ष्मीचा फोटो, पौंडाची चार नाणी, टेस्को सुपरमार्केटातला सोललेला नारळ. आई म्हणाली, "तुझ्या कामाचं काहीतरी ठेव देवीपुढे. लॅपटॉप नको, तो ऑफिसचा." माझ्या पर्समध्ये टेस्टिंगचं पहिलं तिकीट जपून ठेवलेलं होतं. त्यावर कॅसिनोचं नाव नव्हतं, फक्त बारकोड आणि पंचवीस पौंडांचा आकडा. ते मी ठेवलं.

आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि चष्मा सारखा करून वाचलं. "पंचवीस पौंड? कुठपर्यंत जातं हे?"

"केंब्रिज."

"जाऊन-येऊन?"

"हो."

समाधानानं तिनं निरांजन तिकिटाला अगदी टेकवून ठेवलं. आरती संपेपर्यंत तिकीट काळं ठिक्कर पडलं होतं.

त्या कागदाला शाई लागत नाही, उष्णतेनंच अक्षरं उमटतात. ही गोष्ट त्या घरात फक्त मला ठाऊक होती आणि तरीही मी शुंभासारखी टाळ्या वाजवत उभी राहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लक्ष्मीपुढे काळं झालं गं. तुझी नोकरी जाते की काय?"

मी तिला कागदाची सगळी जन्मकथा सांगितली. ती डोळे पुसत म्हणाली, "मग रेल्वेवाले असला कागद घेतातच कशाला? एवढ्या लांबच्या प्रवासात टिकायला नको?"

"टिकायची गरजच नसते, आई. लोक लगेच वटवतात."

"तिकीट वटवतात?"

वटवतात तो चेक. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईपुढे मी चुकीचं क्रियापद वापरलं होतं. मग सगळंच सांगून टाकलं.

ती बराच वेळ निरांजनातली वात सारखी करत बसली. "म्हणजे पूर्वी नाणी पडायची. आता काहीच वाजत नाही?"

"वाजतं ना. लोकांना चुकल्यासारखं वाटतं म्हणून नाणी पडल्याचा आवाज रेकॉर्ड करून घातलाय." आणि माझी हौस बघा, पुढे म्हणाले, "तोही मीच बसवला."

"तुझा मामा जिंकला की जिन्यावरूनच खिसा वाजवत यायचा," आई म्हणाली. "खिसा वाजला नाही की तुझी आजी पाटल्या काढून पिठाच्या डब्यात लपवायची. एकदा छान वाजवत आला. तिनं हातातल्या हातातच ठेवल्या, चहा टाकला. खिशात नुसत्या किल्ल्या होत्या. त्या दिवशी पाटल्या गेल्या."

मला लाज वाटली. प्रसादाचा पेढा मी तसाच वाटीत ठेवला. आई रागावली मात्र नाही. उठून तिनं माझ्या पानात भात वाढला, वर तूप घातलं.

पाडव्याला मावशीचा फोन आला. मी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते. "नाही गं, रेल्वे नाही," आई म्हणत होती. "मशीनचं आहे काहीतरी. मला नाही त्यातलं कळत."

आदल्या संध्याकाळी तिला सगळं कळलं होतं. मी इस्त्री उभी करून पुढचं ऐकायला थांबले. पण तिनं मावशीला विचारलं, यंदा चकल्या खुसखुशीत झाल्या का.