आवाजाचं मोल सांगणारे ओगलेकाका

मंगळवारी सकाळी ऑफिसात रोजची मीटिंग चालू असताना फोन थरथरला. पडद्यावर काकांचं नाव दिसलं म्हणून मी बाहेर येऊन हसतच म्हणाले, "काका, आज इतक्या सकाळी?" पलीकडे काकू होत्या. "ऋतुजा, हे गेले गं... पहाटे छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं." त्याला आता सहा आठवडे झाले. भालचंद्र ओगले, पोस्टातले निवृत्त कारकून, राहणार बिबवेवाडी. वय एकोणसत्तर. मोबाइल गेमच्या स्पर्धांचं मराठीत समालोचन करणाऱ्या आम्हा सगळ्यांत हा माणूस वयानं सर्वांत मोठा होता, आणि सर्वांत हट्टी.

मी मूळची विदर्भातल्या पुसदची. नोकरीसाठी पुण्यात आले, धायरीत खोली घेतली आणि सुट्टीच्या दिवशी या स्पर्धांमध्ये माईक हातात घ्यायला लागले. एका कॉलेजातल्या स्पर्धेला माझा जोडीदार आलाच नाही. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी बक्षीस द्यायला ओगलेकाकांना बोलावलं होतं, कारण त्यांनी उभा जन्म कबड्डीच्या मैदानावर समालोचन केलं होतं. माझी तारांबळ बघून ते स्वतःच शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. कोण कुठून येतोय आणि कोण कोणाला घाबरलाय, एवढं सांग. बाकी मी बघतो." थोड्याच वेळात ते माईकवर सांगत होते, "टेकडीआड तिघं दबा धरून बसलेत, आणि हे गृहस्थ लक्ष्मी रोडला खरेदीला निघाल्यासारखे भर रस्त्यातून चाललेत!" सभागृह हसून लोळलं. मी उत्साहात ओरडले, "मागून येऊन राहिला, मागून येऊन राहिला!" काका शांतपणे म्हणाले, "येऊन राहिलाय की येतोय? एकदा नक्की ठरव, म्हणजे त्याला गोळी घालता येईल." त्या दिवसापासून आमची जोडी जमली. नंतर तेच बिनदिक्कत 'येऊन राहिला' म्हणायला लागले, आणि मी हसले की म्हणायचे, "शब्द चांगला आहे. वापरून राहिलोय."

पुढचं दीड वर्ष आम्ही बोलावतील तिथे गेलो. काका रीतसर गेम शिकले. स्वतः खेळायला बसले की पहिल्याच मिनिटाला मरायचे, पण प्रत्येक नकाशातल्या वाटा त्यांनी वहीत काढून पाठ केल्या होत्या. या सगळ्या कामाचं आम्हाला काहीच मिळत नव्हतं. 'एक्स्पोजर मिळेल' एवढंच प्रत्येक आयोजक सांगायचा आणि मला ते खरंच पुरेसं वाटायचं. आपल्याला बोलावतात, हाच आनंद होता. काका गप्प असायचे. मला वाटायचं, त्यांनाही चालतंय.

मग ती मोठी स्पर्धा आली. भलंमोठं सभागृह, प्रायोजकांचे फलक, सकाळपासून सलग सामने. दुपारी जेवायला गेलो तर दारातल्या माणसानं पास मागितला. आमच्याकडे नव्हता. आयोजकांकडची एक मुलगी धावत आली. तिचीही बिचारीची अडचण झाली होती. "सर, कास्टर्सना, म्हणजे समालोचकांना, जेवण नाहीये. तुम्ही व्हॉलंटियरमध्ये येता."

"खेळाडूंना आहे?" काकांनी विचारलं.

"हो सर."

"पंचांना?"

"हो."

"हे पडदे उभारणाऱ्यांना?"

"ते व्हेंडर आहेत, सर, पैसे घेऊन काम करतात."

"म्हणजे इथे फुकट आहे तो फक्त आमचा आवाज," काका म्हणाले आणि वळले. आम्ही बाहेर जाऊन वडापाव खाल्ला. तिथे ते यावर पहिल्यांदा बोलले. कबड्डीच्या मैदानावर पैसे थोडेच असायचे, पण पाकीट हातात दिल्याशिवाय कोणी निरोप देत नसे, आणि पंगतीत समालोचकाचं पान आधी मांडलं जायचं, कारण त्याला लगेच उठून बोलायचं असायचं. मी मात्र घाबरले होते. अंतिम सामना आमच्याकडे होता. "काका, आज काही बोलू नका, प्लीज." त्यांनी ऐकलं. अंतिम सामना त्यांनी असा रंगवला, की हरलेला संघही त्यांच्याबरोबर फोटो काढायला आला. "पोरांचा काय दोष?" एवढंच म्हणाले. बक्षिसं झाल्यावर मात्र ते सरळ आयोजकाकडे, साहिलकडे गेले. साहिल हसून म्हणाला, "काका, प्लॅटफॉर्म दिला ना आम्ही तुम्हाला! किती लोक ओळखतात आता."

"ओळखतात ना. काल भाजीवाल्यानंही ओळखलं. पण कोथिंबीर काही ओळखीवर दिली नाही त्यानं."

साहिलचं हसू गेलं. "तुमच्या जागी यायला रांग लागलीय, काका."

"बरं झालं सांगितलंस. मग त्या रांगेलाच भेटतो."

आणि ते खरोखर भेटले. पुण्यात मराठी-हिंदी समालोचन करणाऱ्या जेवढ्यांचा नंबर मिळाला, त्यांना त्यांनी रविवारी सकाळी घरी पोह्यांना बोलावलं. सात जण आलो. काकांनी एक पान लिहून ठेवलं होतं. मानधन आधी ठरवायचं, जेवण-पाणी द्यायचं, दोन सामन्यांनंतर विश्रांती, फलकावर नाव आणि तेही शुद्ध. आयोजकानं सही केली तरच माईकला हात लावायचा. आम्ही माना डोलावल्या... आणि पुढचे चार महिने कोणीच आम्हाला बोलावलं नाही. दोघं गळाले. ओंकार नावाचा आमचा गुणी मित्र साहिलकडे परत फुकट जाऊन बसला. एका रविवारी माझाही तोल सुटला. "तुमचं ठीक आहे, काका. तुम्हाला पेन्शन आहे. मला यातच काही करायचं होतं. तुमच्या हट्टापायी सगळं गेलं." काकू दारात थबकल्या. मी चहा न पिता निघून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "तू बोललीस ते खरंय. हरणं मला परवडतं, तुम्हाला नाही. म्हणून आजपासून आयोजकांना प्रत्येक पत्र माझ्या एकट्याच्या नावानं जाईल. रुसायचं तर लोकांनी माझ्यावर रुसावं." तसंच झालं. आयोजक मला फोन करून हळूच विचारायचे, "एकटी येशील ना? काका नकोत." मी नाही म्हणायचे, तर काकाच रागवायचे. "जा. पण ते पान घेऊन जा." एका कॉलेजानं पहिल्यांदा त्या पानावर सही केली. मग आणखी एकानं. मला मानधन मिळालं, जेवण मिळालं, फलकावर नाव आलं. काकांना मात्र पुन्हा कोणीही बोलावलं नाही. ते घरी बसून माझे सामने बघायचे आणि संपल्यावर चुका सांगायचे. कधी वाईट वाटतं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वाटतं. घसा अजून शाबूत आहे." बस्स, एवढंच.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी साहिलचा फोन आला. आवाज गहिवरलेला होता. काकांच्या नावानं स्मृती करंडक स्पर्धा घ्यायची आहे, म्हणाला. "समालोचक सगळे श्रद्धांजली म्हणून येतील ना, ऋतुजा? यात मानधनाचा विषय नको काढूस. निदान काकांसाठी तरी."

एका क्षणी वाटलं, हो म्हणून टाकावं. मग म्हणाले, "साहिल, करंडकाला त्यांचं नाव आणि त्यांच्या पानावर सही नाही, असं कसं चालेल? पान पाठवते. सही करून दे."

"बाकीचे येतील," म्हणाला आणि फोन ठेवला. मी कोणालाही काही कळवलं नाही. पण दोन दिवसांत तिघांचे फोन आले. प्रत्येकाला साहिलनं विचारलं होतं आणि प्रत्येकानं ते पान पाठवलं होतं. शेवटचा फोन ओंकारचा होता. तो म्हणाला, "मी पण तेच पाठवलं गं. पहिल्यांदाच." परवा साहिलची सही आली. काकूंनीही नाव वापरायला होकार दिला, पण सहीचा कागद स्वतः चष्मा लावून वाचल्यावरच.

बिबवेवाडीला काकांच्या घरी समालोचकांची रविवारची सकाळ अजून भरते. काका प्रत्येक नव्या समालोचकाला आधी भिंतीसमोर उभं करायचे आणि स्वतःचं मानधन मोठ्यानं सांगायला लावायचे. "दुसऱ्यासाठी एवढा ओरडतोस, स्वतःसाठी पुटपुटतोस होय?" गेल्या रविवारी चाकणच्या कारखान्यात काम करणारी सोनाली पहिल्यांदा आली. माईकवर तिचा आवाज कडाडतो, पण मानधनाचा आकडा सांगताना ती जमिनीकडे बघत होती. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "मला अजून इकडे ऐकू आलं नाही हं!"

चौथ्यांदा आलं.