पाद्रीबाबांची अर्धी चड्डी

माझा मुलगा एड्विन आमच्या गावचा पाद्री आहे आणि चालण्याच्या शर्यतींत भाग घेतो. या शर्यतीत एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं लागतं आणि गुडघा ताठ ठेवावा लागतो. मग कंबर हलणारच. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पण अर्ध्या चड्डीत चालणारा पाद्री बघून चर्चचे कारभारी गार्साइड यांना लाज वाटली. "बायकांना मान फिरवावी लागते," असं सांगून त्यांनी एड्विनकडून शब्द घेतला, की सराव अंधार पडल्यावर आणि काळ्या पँटमध्येच करायचा. शनिवारी दुधाच्या लॉरीवाल्याला तो दिसलाच नाही. काटेरी कुंपणात उडी मारली म्हणून वाचला.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे चहाला जमले, तेव्हा मी गार्साइडना गाठलं.

"माझा मुलगा मेला असता. त्याचा शब्द त्याला परत द्या."

"मिसेस हेब्डन, गावाची अब्रू आहे."

"बायका मान फिरवत नाहीत, हे तुमचं खरं दुखणं आहे."

चहा ओतणाऱ्या बायका हसल्या. गार्साइडनी कप पुढे केला, तर त्यांच्याच बायकोनं किटली खाली ठेवली.

"आधी शब्द परत करा, मग चहा."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. पाद्रीबाबांना तर रोजच बघायचे."

गार्साइडनी रिकामा कप पुन्हा पुढे केला. मग पुटपुटले, "बरं, दिवसा चाला."

ओरबाडलेल्या हातांनी त्यांचा हात धरून एड्विननं त्यांचे आभार मानले. त्या आभारांचा मला अजून राग येतोय.