काकूंच्या तळ्यातली माझी गौर

काकूंना स्वस्थ बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. चहा उभ्यानं, जेवण स्वयंपाकघर ते व्हरांडा अशा फेऱ्या मारत, पेपर खिडकीच्या गजाला टेकवून. पुण्याहून मुलाचा फोन आला की बोलता बोलता त्या फाटकापर्यंत जाऊन परत येत. एकदा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, "सुमन, खुर्ची मला नको. तिच्यावर टॉवेल वाळत घाल."

त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी उत्तरेतल्या या शहरात, इंदिरा नगरच्या पलीकडे, कॉलनी संपून गावं सुरू होतात तिथं, तळ्यासकट जमीन घेतली आणि दोन वर्षांत ते गेले. मुलानं पुण्याला बोलावलं, पण काकू हलल्या नाहीत. माझे मिस्टर तेव्हा नुकतेच फौजेतून सुटले होते. काकूंनी त्यांना राखणीला ठेवलं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो. मी साताऱ्याकडची. हिंदी कळायची, पण बोलायची वेळ आली की घशात अडकायची. मराठी बायका जमल्या तरी मी काहीतरी काम काढून मोरीकडे जायची.

तळं फार मोठं नव्हतं. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाई. पाणी स्वच्छ, त्यात रोहू मासे, एका कोपऱ्यात कमळं. भाद्रपदात कँटोन्मेंटमधली फौजी घरं आणि रेल्वे कॉलनीतली मराठी मंडळी गौरी-गणपती विसर्जनाला इथंच येत. गणपती शाडूचाच हवा, एवढी एकच काकूंची अट होती. गौरीबद्दल अट घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आमच्याकडे तेरड्याची गौर असते. पाणवठ्यावरून रोप मुळासकट आणायचं, पूजायचं आणि तिसऱ्या दिवशी मुळासकटच पाण्यात सोडायचं. पहिल्या वर्षी मी तेरडा शोधून थकले. मग रस्त्याकडेच्या नाल्यात जांभळ्या फुलांचे तुरे दिसले. पाण्यातलं रोप, फुलावर आलेलं, लांब काळी मुळं. मला वाटलं, गौरच भेटली. विसर्जनाला आलेल्या बायका म्हणाल्या, "अय्या, किती गोड दिसतेय! कुठून आणलीस गं?" मी लाजून नाल्याकडे बोट केलं. दुसऱ्या वर्षी तिघींनी तशीच गौर आणली आणि तशीच तळ्यात सोडली.

कमळांजवळ चार हिरवे गड्डे तरंगायला लागले तेव्हा काकूंनाही ते शोभिवंत वाटले. थंडीत पानं तपकिरी पडली, आम्ही सगळे विसरलो. ज्येष्ठाच्या उन्हात मात्र एका सकाळी काकू काठावर उभ्या राहिल्या आणि मला ओरडून बोलावलं. तिसरा हिस्सा तळं हिरवं झालं होतं. त्यांनी काठीनं एक रोप ओढून माझ्यासमोर धरलं. "ही बघ, जलकुंभी. आपल्याकडची जलपर्णी. हिला ओळखून ठेव." मी ओळखलं.

त्या दिवसापासून काकूंना तळ्याशिवाय दुसरं काही सुचेना. पहाटे साडी खोचून त्या गुडघाभर पाण्यात असत. अमीनाबादच्या बाजारातून जाड दोरी आणून त्यांनी तळ्याच्या मधोमध ताणली, तिला बांबू बांधले, म्हणजे साफ केलेल्या बाजूला कुंभी परत सरकायची नाही. पूर्वेचा पुरवा वारा सुटला की सगळी हिरवळ पश्चिमेच्या काठाला जमा होई. मग त्या जेवायलाही थांबत नसत. "वारा आपल्यासाठी राबतोय आणि तू पोळ्या लाटतेस?" म्हणून मलाही ओढत. लांब बांबूच्या दाताळ्यानं मी ओढायची, त्या हातानं उचलायच्या. पान तुटून हातात आलं की ओरडत, "तोडू नकोस, उचल! तोडलीस तर दोन होतील." काढलेली कुंभी काठावर ठेवायची नाही, पावसात परत पाण्यात जाते. पार बांधाच्या पलीकडे नेऊन मुळं वर करून वाळत घालायची.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, औषध मार ना, आठ दिवसांत मरेल."

काकू फाटकाकडे चालत होत्या. "मरेल, बुडेल आणि तळाशी कुजेल. मग मासे पाण्यावर तोंड काढून श्वास मागतील. तेव्हा तू पुण्याहून येणार का त्यांना वारा घालायला?"

पलीकडच्या गावातले म्हशीवाले चच्चा रोज आपल्या चार म्हशी आमच्या तळ्यावर आणत. ते काठावर उकिडवे बसून हे सगळं बघत. "बहनजी, ये तो रक्तबीज है. एक गिराओ, सौ उठते हैं."

"तो मैं काली हूँ, पहचाना नहीं?" काकू पाण्यातूनच म्हणाल्या. "हाथ लगाइए, भाईसाहब, तमाशा बाद में."

आषाढात काकूंना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली. त्या उतरतच राहिल्या. त्यांना एकच प्रश्न कुरतडत होता: ही आली कुठून? नाल्याचं पाणी आत येत नव्हतं. बांध उंच होता. शेवटी श्रावण संपत आला तेव्हा त्यांनी ठरवलं की चच्चांच्या म्हशी नाल्यात डुंबून येतात, त्यांच्या अंगाला चिकटून आली. आणि त्यांनी चच्चांना म्हशी आणायची बंदी केली.

चच्चांनी वाद घातला नाही. "आप बड़ी हैं, जो मुनासिब समझें," एवढंच म्हणाले आणि भर उन्हात म्हशी वळवल्या. चारही म्हशी पाण्याकडे मान करून परत परत थांबत होत्या. मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. रात्री मिस्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गप्प बस. इथून काढलं तर जायचं कुठं?" मी आणखी चार दिवस गप्प बसले. काकूंच्या ओठांना निळी छटा आलेली मला दिसत होती.

पाचव्या दिवशी दाताळं ओढता ओढताच बोलले. "काकू, म्हशींनी नाही आणली. मी आणली."

त्यांचे हात थांबले नाहीत. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. नाला, गौर, त्या तिघीजणी.

"मुळासकट सोडलीस?"

"हो."

"फुलं होती?"

"हो."

"मग बीसुद्धा पडलं चिखलात. ते वर्षानुवर्षं उगवत राहील." त्यांनी एक गड्डा टोपलीत आपटला. मी रडायला लागले. "रडून पाणी वाढवू नकोस, आधीच वाढलंय. मला सांगून काय झालं? मी थोडीच परत सोडणार आहे. दहा दिवसांनी त्या सगळ्या येतील, हातात हीच घेऊन. त्यांना सांग."

"तुम्ही सांगा ना, काकू."

"मी सांगितलं तर म्हातारी खेकसली म्हणतील. म्हणून तूच सांग. पण आधी चप्पल घाल, चच्चांकडे जायचंय."

आम्ही तशाच ओल्या साड्यांनी चच्चांच्या गावात गेलो. काकूंनी अंगणात उभ्या उभ्या हात जोडले. "मुझसे ग़लती हुई, भाईसाहब." चच्चा गडबडून उठले. "अरे बहनजी, शर्मिंदा मत कीजिए. मैंने तो उसी दिन माना था कि आप गुस्से में हैं, दिल में कुछ नहीं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "और बिटिया, तुम काहे सूख रही हो? अनजाने में हुआ." संध्याकाळी म्हशी परत तळ्यावर होत्या, आणि चच्चा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून मधली कुंभी ओढत होते.

विसर्जनाच्या दिवशी पाच जणींच्या ताटात जांभळे तुरे होते. काकू घाटाच्या पायरीवर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. अंगणात त्यांनी पाण्यानं भरलेलं मोठं पितळी घंगाळ ठेवलं होतं. मला वाटलं, त्या सुरुवात करून देतील. त्यांनी नुसता माझा दंड धरला.

"ही गौर तळ्यात सोडू नका," मी म्हणाले. आवाज इतका बारीक की पुन्हा म्हणावं लागलं.

"अगं, तूच तर दाखवलीस आम्हाला!" सुभेदारांच्या बायको हसल्या.

"म्हणूनच मी सांगतेय."

"मग काय घरी परत न्यायची? विसर्जन नको?" एक वयस्कर बाई चिडल्या. "पाण्यात सोडल्याशिवाय गौर जाते का?"

मला पळून जावंसं वाटत होतं, पण काकूंची बोटं दंडात रुतली होती. "आजी, गौर तिसऱ्या दिवशी जाते. माझी गेलीच नाही. दोन वर्षं झाली. काकू तिला हातानं काढतायत, त्यांना श्वास पुरत नाही." मी घंगाळाकडे बोट केलं. "तिथं सोडा. पाणीच आहे. उद्या मी स्वतः तिला उन्हात ठेवीन."

मग सुभेदारांच्या बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि आपलं ताट घंगाळाकडे नेलं. त्यांच्यामागून बाकीच्या गेल्या. आजी सर्वांत शेवटी गेल्या, पुटपुटत, पण गेल्या.

"हळू बोललीस," काकू नंतर म्हणाल्या, "पण पुरलं."

दिवाळीपर्यंत तळं मोकळं झालं. थंडीत काकूंचं दुखणं वाढलं, आणि पुढच्या चैत्रात त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मुलगा पुण्याहून आला होता, रात्री तो थांबे, सकाळी मी जाई. हाताला सुई, नाकाला नळी. तिथं त्यांना चालता येत नव्हतं, म्हणून पांघरुणाखाली पाय सारखे हलत असत. शेवटच्या सकाळी मी गेले तेव्हा त्यांनी नळी बाजूला केली.

"उगवली का?"

वाटेत मी ठरवलं होतं, एकही नाही असं सांगायचं. पण ते जमलं नाही. "कमळांजवळ बारीक बारीक दिसतायत, काकू."

"कधी दिसल्या?"

"आज सकाळी."

"मग इथं काय करतेस?" त्या खरोखरच रागावल्या होत्या. "नर्स आहे, मुलगा आहे. कुंभीला कोण आहे? ऊन चढायच्या आत जा."

मी डबा मुलाच्या हातात दिला आणि रिक्षा धरली. कंबरभर पाण्यात उतरून एकेक रोप चिमटीनं सोडवत होते. दुपारी मिस्टर काठावर येऊन उभे राहिले. फोन हातात होता आणि डोक्यावरची टोपी त्यांनी काढली होती. मी चिमटीतलं रोप टोपलीत टाकलं, त्याच्या शेजारचं आणखी एक होतं तेही उपटलं, आणि मग वर आले.